ओलेत्यातलं दुखणं

ज्या दुखण्याबद्दल लिहायला बसले आहे ते चारचौघांत सांगायचं दुखणं नाही. डोकं दुखलं तर शेजारीण सुंठ उगाळून आणते, पाय मुरगळला तर अख्खी गल्ली इलाज सुचवते. पण बाईला नको त्या जागी खाज सुटली, आग व्हायला लागली, तर ती एकटीच. मी तशी एकटी बरेच महिने काढले. आता माझं वय असं आहे की माझं बोलणं लोक ‘म्हातारी काहीही बोलते’ म्हणून सोडून देतात. त्या सवलतीचा फायदा घेऊन सगळं सरळ सांगून टाकते. नव्यानं लग्न झालेल्या एखादीला उपयोग झाला तर बरंच आहे.

मी मूळची उमरग्याची, मास्तरांची मुलगी. लग्न झालं तेव्हा मला विसावं सरून गेलं होतं, म्हणजे आमच्या नात्यागोत्यात मी घोडनवरीच. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. नवरा तुळजापूरच्या कचेरीत कारकून. शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं, त्यामुळे मराठीत अर्ज लिहायचा म्हटलं की ह्यांना घाम फुटे. घर मात्र उपाध्यांचं. देवीला येणाऱ्या यात्रेकरूंपैकी ठरलेली घराणी आमच्याकडेच उतरत. सासरे त्यांचे पूजाविधी करत आणि त्यांचा देवीचा नैवेद्य आमच्या चुलीवर शिजे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. अंगानं काटक, कामाला वाघीण आणि बोलायला महाग. घरात आम्ही चौघंच, पण पानं कधी चार नसत.

सुरुवात

ह्यांच्याबद्दल आधीच सांगते, कारण पुढं त्यांच्यावर संशय येणार आहे. माणूस गरीब स्वभावाचा आणि मुखदुर्बळ. आम्हाला पहिल्यांदा एकांत मिळाला तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘तुला उर्दू येतं का?’ मी म्हणाले, ‘नाही, पण कानडी समजतं.’ तिथं ते पहिल्यांदा हसले. आम्ही दोघंही घाबरलेलो होतो आणि दोघांनाही एकमेकांची भीती दिसली, म्हणून ती लवकर गेली. मला नवरा आवडला होता. हे त्या काळी बोलायची पद्धत नव्हती, पण खरं होतं.

महिनाभरानं त्रास सुरू झाला. आधी नुसती खाज. वाटलं, उन्हाळा आहे, घामानं होत असेल. मग आग व्हायला लागली. जांघा लाल झाल्या, सोलवटल्यासारख्या. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. चालताना पावलं जपून टाकायची, बसताना भिंतीला टेकून बसायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की काही झालेलं नाही. आणि नवरा जवळ आला की अंग आपोआप आकसायचं. ते थांबायचे. का, ते विचारायचे नाहीत.

आपल्याला काय झालंय हे ठरवायला मला वेळ लागला नाही. लग्नाआधी नव्हतं, लग्नानंतर झालं. लग्नानंतर नवीन काय झालं, तर एकच गोष्ट. म्हणजे हे त्याच्यानंच. एवढा हिशोब कुणीही केला असता.

माझा दिवस

आता माझा दिवस कसा असे ते सांगते. उठलं की आडावर अंघोळ. नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात करायचा. सोवळं म्हणजे धुतलेलं, कुणीही न शिवलेलं वस्त्र. बाकीच्या घरांतून आदल्या दिवशी धुतलेलं लुगडं उंच वलणीवर वाळवून ठेवत आणि काठीनं काढून नेसत. आमच्याकडे ते चालत नसे. घर यात्रेकरूंनी भरलेलं, त्यांची पोरंबाळं इकडून तिकडं धावणार, वाळत घातलेल्याला कोण कधी शिवेल याचा नेम नाही. म्हणून आत्याबाईंच्या सासूच्या वेळेपासून आमच्या घरात ओलेतं. आडावर लुगडं धुवायचं, पिळायचं आणि तसंच ओलं नेसायचं, कासोटा घट्ट मारून. मग चुलीपुढं बसायचं. पुरण शिजवा, वाटा, पोळ्या लाटा. यजमान मोठे असले तर दुपार टळून जाई. अंगावरचं लुगडं पुढून चुलीच्या आचेनं वाळे आणि मागून, खालून ओलंच राही.

मला त्याचं काही वाटत नसे. उलट अभिमान वाटे. मास्तराच्या पोरीला सोवळं-ओवळं काय कळणार, असं लग्नात कुणीतरी पुटपुटलं होतं. ते मला खोटं पाडायचं होतं.

त्यात मी आपली अक्कल चालवली. आग होते म्हणजे आपण स्वच्छ राहत नाही, असं मनानं घेतलं. बाजारातून तांबडा साबण मागवला, तो जंतू मारतो म्हणून. सकाळी त्यानं धुवायची, दुपारी धुवायची, झोपायच्या आधी धुवायची. धुतल्यावर घटकाभर बरं वाटे आणि मग दुप्पट आग. मग मी आणखी धुवायची.

उमरग्याची वाट

पंचमीला माहेरी गेले. आईपाशी सांगायचं म्हणून चार दिवस मनात जुळवाजुळव केली आणि शेवटी भाजी निवडताना, मान वर न करता सांगितलं. आईनंही मान वर केली नाही. म्हणाली, ‘उष्णता वाढली असंल. धने-जिऱ्याचं पाणी घे.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘सुरवातीला होतं असं.’ किती दिवस सुरुवात म्हणायची, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उमरग्यात मी बरी झाले. आठवडाभरात लाली गेली, आग गेली, मी धपाधप चालायला लागले. बरं वाटलं म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, पण मला रडू आलं. कारण हिशोब पक्का झाला होता. नवऱ्यापासून लांब आले आणि बरी झाले. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचे तेव्हाही उतार पडायचा, तेव्हाही मी त्यांच्यापासून लांबच असायची. सगळं एकाच माणसाकडं बोट दाखवत होतं.

आमच्या घरापासून हमरस्ता जवळ. सोलापूर-हैदराबाद मालमोटारी तिथं थांबत आणि ड्रायव्हर लोकांसाठी दोन-तीन दवाखाने उघडले होते. एकाच्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत ‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ असं लिहिलेलं. लहानपणापासून मी ते वाचत आले होते आणि कधी विचार केला नव्हता. आता तिथून जाताना मी पदर तोंडावर ओढून घेऊ लागले. हे हैदराबादला काही वर्षं एकटे राहिले होते. तिथं ते कसे राहिले, कुणाबरोबर राहिले, मला काय ठाऊक? एवढा साधा माणूस. पण मग मला असं का होतंय?

संशय हे दुखण्यापेक्षा वाईट दुखणं आहे. खाज अंगाला सुटते तेव्हा निदान कुठं सुटली ते कळतं. आईनं निघताना हळूच तुरटीची पुडी दिली, परत झालं तर पाण्यात घालून धू म्हणून. मी ती घेऊन तुळजापूरला आले.

पुन्हा

पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं. साबण होताच, वरून तुरटी. एकदा नैवेद्याचं ताट उचलताना मला उभंच राहता येईना. यजमानीण बाई म्हणाल्या, ‘सूनबाईंना दिवस हाय्त वाटतं.’ आत्याबाईंनी माझ्याकडं बघून नजर काढून घेतली.

ह्यांनी आपलं अंथरूण माडीवर नेलं. कारण सांगितलं की यात्रेकरूंच्या सामानावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. मला एकीकडं सुटल्यासारखं वाटलं आणि एकीकडं मी त्या रिकाम्या जागेकडं बघून रडले. हा माणूस मला टाकून गेला नव्हता, मला त्रास नको म्हणून गेला होता, हे मला कळत होतं. तरी ते हैदराबादचं भूत मानगुटीवर होतंच.

भाद्रपद लागता लागता मी आत्याबाईंना सासऱ्यांशी बोलताना ऐकलं. मी परसात होते, ते दोघं माजघरात.

‘तिचं मन न्हाई संसारात,’ आत्याबाई म्हणत होत्या. ‘पोरगं माडीवर झोपतंय. दसरा झाला की तिच्या बापाला बोलवून घ्या.’

‘बोलवून काय करू?’

‘घेऊन जा म्हणावं. काय असंल ते तिकडं निस्तरा. माझ्या पोराचा जन्म आसा जाया नको.’

सासरे घरातल्या गोष्टींत कधीच पडत नसत. त्या काळी माहेरी परत पाठवलेली बाई म्हणजे काय, हे सांगायला नको. वडिलांच्या शाळेत, गल्लीत, नात्यात तिचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. आणि मला तर जायचंच नव्हतं. मला माझा नवरा हवा होता, फक्त दुखण्याशिवाय.

डोळ्यांचा बहाणा

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर ह्यांनी घरात जाहीर केलं, ‘हिचे डोळे धुरानं बिघडलेत. सोलापूरला दाखवून आणतो.’ माझे डोळे ठणठणीत होते. पण रडून रडून लाल झालेले असत, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले. घाट उतरल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘बायकांची डॉक्टरीण हाय तिथं. चांगली हाय म्हणतात.’

‘तुम्हाला कसं कळलं?’

‘विचारलं.’ मग आवाज खाली करून, ‘मागच्या महिन्यात कचेरीच्या कामाला गेलतो की न्हाई, तवा मी माझं रक्त तपासून घेतलं. काही निघालं न्हाई.’

मी त्यांच्याकडं वळले. ते म्हणाले, ‘तुला विचारायची हिंमत न्हवती. म्हटलं, आधी आपलं बघावं. तुला वाटलं असंल माझ्यामुळं…’

‘वाटलं होतं,’ मी म्हणाले.

‘मलाबी वाटलं होतं,’ ते म्हणाले. ‘म्हटलं, माझ्याच अंगात काय दोष असंल तर?’

तो संशय मी किती दिवस घेऊन हिंडत होते. तो त्या एस.टी.त सुटला. आग तशीच होती, धक्क्याधक्क्याला जीव जात होता, आणि तरी मी सुखी होते. अशी विचित्र सुखी मी परत कधी झाले नाही.

दवाखाना

बायकांच्या दवाखान्यात लाकडी बाकावर आम्ही सगळ्या ओळीनं बसलो होतो. पोटुशी बायका ऐटीत, कारण त्यांना आपलं दुखणं सांगता येत होतं. आम्ही उरलेल्या पदर ओढून. ‘तुम्हाला काय होतंय’ असं शेजारणीनं विचारलं तर काय सांगायचं, याची मी तयारी करत होते. तिनं विचारलंच. मी म्हणाले, ‘डोळे.’ तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘मलाबी तसंच हाय.’ मग आम्ही दोघी हसलो. ती कोण, कुठली, मला माहीत नाही, पण तिची आठवण येते.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, केस पांढरे होत आलेल्या, आवाज जरा करडा. मला वाटलं आता झोपवून तपासतील, म्हणून मी आधीच लुगडं गच्च धरून उभी होते. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, ‘आधी बोलू. तपासणं पळून जात नाही.’

मी माझा हिशोब सांगितला. लग्नाआधी नव्हतं, नंतर झालं. माहेरी गेले की बरं, आले की पुन्हा. त्यांनी प्रश्न विचारले. खाज जास्त की आग जास्त? लघवी करताना की केल्यावर? पुन्हा पुन्हा जावं लागतं का? पांढरं जातं का, कसं जातं? पाळी चुकली का? जवळ येताना दुखतं की नंतर? मन तयार नसताना कधी बळजबरी झाली का? या शेवटच्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणाले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं नीट बघितलं, खरं बोलते का ते बघायला. मी खरंच बोलत होते. ह्यांच्या रक्ताचंही सांगितलं. मग त्यांनी तपासलं. दुखलं, पण त्या हळू होत्या आणि पुढं काय करणार ते आधी सांगत होत्या. एवढ्यानं निम्मी भीती जाते, हे डॉक्टर लोकांनी लक्षात ठेवावं.

हात धुऊन त्या परत बसल्या. ‘आता सकाळी उठल्यापासून काय काय करतेस ते सांग. काही गाळू नको.’

मी सांगत गेले. अंघोळ, साबण, आड, लुगडं धुणं, पिळणं, नेसणं, चूल.

‘थांब,’ त्या म्हणाल्या. ‘ओलंच नेसतेस?’

‘ओलेतं. सोवळ्यात.’

‘कासोटा घालून? आणि किती वेळ?’

‘नैवेद्य होईपर्यंत.’

‘माहेरी असं नेसतेस?’

‘नाही. आमच्याकडं नाही.’

‘बाजूला बसतेस तेव्हा?’

‘तेव्हा स्वयंपाकच करत नाही.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘अगं, लग्नानंतर तुझ्या आयुष्यात दोन गोष्टी बदलल्या. नवरा आला आणि ओलं लुगडं आलं. तू एकच मोजलीस.’

त्यांनी साध्या भाषेत समजावलं. ओल आणि ऊब मिळाली की भाकरीला बुरशी येते, तशी ती अंगालाही येते. जांघेत, आत, सगळीकडं. त्यावर तांबडा साबण आणि तुरटी म्हणजे आगीत तेल, कातडीचं असेल नसेल ते संरक्षणही मी धुऊन टाकलं होतं. अशा सोललेल्या जागी नवरा जवळ आला की दुखणारच, मग भीतीनं अंग आकसणार, आणि आकसलं की आणखी दुखणार. ‘तुझ्यासारख्या लग्न झालेल्या बायका माझ्याकडं रोज येतात,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाला लघवीच्या वाटेचा दाह असतो, कुणाला साबण सोसत नाही, कुणाच्या रक्तात साखर असते, कुणाला नुसती घाई आणि भीती नडते. आणि कुणाला नवऱ्यानं खरंच रोग आणून दिलेला असतो. सगळ्या एकच वाक्य सांगतात, आग होते. म्हणून विचारल्याशिवाय, बघितल्याशिवाय कुणी काही ठरवू नये. शेजारणीनं नाही, आईनं नाही आणि तू तर मुळीच नाही.’

औषध दिलं ते जांभळं, शाईसारखं. कापसानं लावायचं. साबण बंद, तुरटी बंद, नुसतं साधं पाणी आणि मग कोरडं. काही दिवस वेगळं झोपायचं. ह्यांनाही आत बोलावून त्यांनी थोडं औषध दिलं, कारण एकाचं दुसऱ्याला लागत राहतं. ह्यांनी बाटली रुमालात गुंडाळून घेतली आणि दाराबाहेर पडल्यावर मला विचारलं, ‘हे डोळ्यांचं औषध म्हणून सांगायचं?’

जांभळा डाग

सांगितलं तसंच. डोळ्यांना धूर वर्ज्य, म्हणून मी चुलीपासून लांब राहिले आणि वरकाम करू लागले, साध्या कोरड्या लुगड्यात. आत्याबाई एकट्याच ओलेत्यात चुलीशी बसत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. पण आग उतरत गेली. ज्या दिवशी लघवीला जाऊन आले आणि डोळ्यांत पाणी आलं नाही, त्या दिवशी मी परसात उभी राहून उगाच आभाळाकडं बघितलं.

जांभळ्या औषधाचा एक दुर्गुण होता. ते सगळ्याला लागे आणि धुऊन जात नसे. एका दुपारी आत्याबाई परसात आल्या, मी वाळत घातलेल्या लुगड्यापुढं उभ्या राहिल्या. सोवळ्यात होत्या, म्हणून हात न लावता लांबूनच निरखत होत्या.

‘हे डोळ्यांचं औषध ना?’

‘हो.’

‘मग तुझे डोळे हाय्त तरी कुठं?’

मी पुढं होऊन डाग आत दुमडला. त्या म्हणाल्या, ‘नवरात्र तोंडावर आलंय. माणसं येतील. उद्यापासनं आंघोळ करून चुलीशी बस.’

तेव्हा मला कळलं की आता बोलले नाही तर संपलं. ओलेतं नेसलं की दुखणं येणार, दुखणं आलं की ह्यांचं अंथरूण माडीवर जाणार, आणि दसऱ्याला वडील मला न्यायला येणार. मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं, काय सांगितलं, सगळं. शेवटी म्हणाले, ‘नैवेद्य मी करीन, आत्याबाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत करीन. पण कोरड्या सोवळ्यात. ओल्यात नाही करणार.’

असं तोंड वर करून मी त्या घरात कधी बोलले नव्हते. आता कानाखाली बसेल, नाहीतर पेटी भरायला सांगतील, असं वाटलं. त्या मात्र पायरीवर बसल्या.

‘चालताना व्हायचं का गं?’

‘हो.’

‘उन्हाळ्यात जास्ती?’

‘हो.’

‘आन बाजूला बसलं की कमी?’

मी हो म्हणाले. त्या उठल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ह्यांना कचेरीला जाण्याआधी थांबवलं. ‘एक बांबू आण लांब. चुलीवरच्या तुळईला बांध, कुणाचा हात पोचणार न्हाई आसा. लुगडी तिथं वाळत घालू.’

‘धुराचा वास येईल की,’ हे म्हणाले.

‘येऊ दे. देवीला धुराचं वावडं न्हाई.’

हे अख्खी सकाळ बांबू बांधत होते, कचेरीला उशिरा गेले. ते नवरात्र मी कोरड्या लुगड्यात काढलं. पुरणाच्या किती पोळ्या लाटल्या ते देवीलाच ठाऊक. दसऱ्याला वडील आले, पण मला न्यायला नाही, नुसते सोनं द्यायला. ह्यांचं अंथरूण खाली आलं होतं. पहिल्यांदा आम्ही भीतभीतच एकमेकांजवळ गेलो. दुखलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडले की बिचारे घाबरले, त्यांना वाटलं दुखलं.

आत्याबाई

दिवाळी झाल्यावर एकदा धान्य निवडताना आत्याबाई म्हणाल्या, ‘माझे बी डोळे दाखवून आण.’ मी त्यांच्या डोळ्यांकडं बघायला लागले आणि मग माझ्या ध्यानात आलं. त्या सूप पाखडत राहिल्या.

सोलापूरला आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. आत्याबाई आत जायला तयार होईनात, म्हणून मीही बरोबर गेले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

‘कधीपासून त्रास आहे?’ बाईंनी विचारलं.

आत्याबाईंच्या बांगड्या वाजल्या. मग म्हणाल्या, ‘लग्नापासून.’

मला वळून बघायचा धीर झाला नाही. बाईंनी हळू आवाजात विचारलं, ‘यजमानांना कधी सांगितलंत?’

‘न्हाई. ते समोर ओसरीवर झोपतात. हा एक पोरगा झाला, तवापासून.’

बाईंनी तपासलं, तेच जांभळं औषध दिलं, तेच सगळं समजावलं. जुनं आहे, वेळ लागेल, पण जाईल, असं सांगितलं. मी वळले तेव्हा आत्याबाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. बाटली त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली, मला दिली नाही.

परतताना एस.टी.त गर्दी नव्हती. घाट चढायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मला वाटायचं, ह्यांचंच काय तरी हाय. म्हणून मी जवळ येऊ द्यायची न्हाई. त्यांना वाटलं असंल, मला ते आवडत न्हाईत.’

मी त्यांच्याकडं सरकून बसले.

‘बाई म्हणतात ते खरं असंल तर ह्यांचा काय दोष न्हवता.’

‘नव्हता, आत्याबाई.’

‘आन माझा?’

‘तुमचाही नव्हता.’

त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही त्यांनी आवाज काढला नाही, नुसता पदर तोंडाशी धरला. मी त्यांचा हात हातात घेतला, त्यांनी तो घेऊ दिला. तुळजापूर दिसायला लागलं तशी त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘कुणीतरी सांगायला पायजे होतं गं.’